टर्बो उघडण्याआधी डाउनपाइप उतरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी १९८० च्या दशकातली, पेट्रोल, गॅरेट टी-३ टर्बो, साध्या वेस्टगेटचा (वेस्टगेट म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट गॅस टर्बाइनला वळसा देऊन सोडणारी झडप). सकाळी चालू केली की निळा धूर येतो. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून खाली आल्यावर पुन्हा दाबला की परत येतो. एअर फिल्टरकडचा पाइप काढून शाफ्टचं टोक बोटांत धरून हलवलं, तर ते वर-खाली हलतं. बेअरिंग आणि सीलचं किट विकत मिळतंय. ते घरी बसवता येईल का, आणि बॅलन्सिंग करावंच लागेल का?

बसवता येईल. टी-३ हा घरी शिकायला चांगला टर्बो आहे. फिरणारा भाग एकच (शाफ्टच्या एका टोकाला एक्झॉस्टच्या गॅसने फिरणारी टर्बाइन, दुसऱ्या टोकाला इंजिनात हवा दाबणारा कॉम्प्रेसरचा पंखा), बेअरिंग दोन, शाफ्टचं पुढे-मागे सरकणं अडवणारं एक थ्रस्ट बेअरिंग, दोन्ही टोकांना एकेक रिंग, थोडी सर्क्लिपं आणि ओ-रिंग. हात स्वच्छ असेल आणि घाई नसेल तर एका सुट्टीच्या दिवसात खोलून जोडून होतो. पण तुमच्या वर्णनात टर्बोविरुद्धचे जे दोन पुरावे आहेत, ते दोन्ही कच्चे आहेत. म्हणून किटचं नंतर पाहू, आधी दोषी कोण ते ठरवू.

पहिला पुरावा हलणाऱ्या शाफ्टचा. या टर्बोतलं बेअरिंग म्हणजे पितळी रंगाचा ब्राँझचा बुश असतो आणि तो घट्ट बसवलेला नसतो. शाफ्ट आणि बुश यांच्यात ऑइलचा एक थर, बुश आणि हौसिंग यांच्यात दुसरा. चालू असताना बुश स्वतःही फिरतो, फक्त शाफ्टपेक्षा बराच हळू. इंजिन बंद असताना हे दोन्ही थर गळून गेलेले असतात आणि बोटाला मोकळी जागा लागते. नव्याकोऱ्या टी-३ मध्येही शाफ्ट आडवा साधारण ०.०८ ते ०.१५ मिमी हलतो, आणि टोकाशी तो त्याहून जास्त वाटतो. म्हणजे वर-खाली हलणं हा दोष नाही. दोष तेव्हा, जेव्हा शाफ्ट एका बाजूला दाबून फिरवल्यावर पंख्याचं पातं हौसिंगला घासतं. पाहायची दुसरी गोष्ट म्हणजे पुढे-मागे ओढल्यावरचा प्ले. तो नव्यात ०.०२५ ते ०.०७५ मिमी असतो, म्हणजे बोटाला जेमतेम कळतो. पुढे-मागे ‘टक टक’ असं स्पष्ट लागत असेल तर थ्रस्ट बेअरिंग गेलं, त्यात शंका ठेवू नका. तुम्ही वर-खाली पाहिलंत, पुढे-मागे काय आहे ते लिहिलेलं नाही.

दुसरा पुरावा धुराचा. उतारावर पाय काढला की थ्रॉटल बंद होतो, इनटेक मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो, आणि व्हॉल्व्हच्या गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते त्या नळीतून) ऑइल खाली ओढलं जातं. पाय पुन्हा दाबला की ते जळून निळा लोट निघतो. रात्रभर उभ्या गाडीत तेच ऑइल गाइडमधून थेंब थेंब उतरतं आणि सकाळी जळतं. तुमची दोन्ही लक्षणं व्हॉल्व्ह सीलच्या वर्णनाशी तंतोतंत जुळतात. टर्बोमुळेही असा धूर येऊ शकतो, नाही असं नाही. पण टर्बो गळत असेल तर सहसा गाडी बराच वेळ आयडलवर उभी ठेवल्यावर धूर वाढत जातो.

म्हणून टर्बो उघडण्याआधीचं मुख्य काम एकच. टर्बोच्या मागचा एक्झॉस्टचा पाइप, म्हणजे डाउनपाइप उतरवा आणि टर्बाइनचं तोंड बघा. कोरडं, राखाडी किंवा काळं भुकटीदार असेल तर एक्झॉस्टच्या बाजूचं सील ठीक आहे. ओलं, चिकट, तेलकट असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डही सोडवून टर्बोच्या आधीची बाजू पाहा. टर्बोच्या आधीच ओलं असेल तर ऑइल इंजिनातून येतंय. आधी कोरडं आणि नंतर ओलं असेल तर टर्बो दोषी. मग कॉम्प्रेसरकडून इंजिनाकडे जाणारा पाइप काढा. आत पुसटसा तेलकट थर बहुतेक जुन्या गाड्यांत असतोच, कारण इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतला गॅस बाहेर सोडणारी नळी, तिथेच सोडलेला असतो. पण पाइपाच्या खालच्या वाकणात ऑइल साचलेलं दिसलं तर विचार करायला हवा.

समजा टर्बो खरंच गळतोय. तरी सील खराब आहे असं लगेच समजू नका. टर्बोतलं ‘सील’ म्हणजे रबरी ऑइल सील नव्हे. ती पिस्टन रिंगसारखी लोखंडी रिंग असते, आणि ती ऑइल अडवण्यापेक्षा गॅस अडवण्याचं काम जास्त करते. ऑइल बाहेर न येण्याचं खरं कारण असं की ते तिथे साठूच नये अशी रचना असते. वरून दाबाने आलेलं ऑइल बेअरिंगमधून फेसाळून निघतं आणि खालच्या जाड नळीतून स्वतःच्या वजनाने इंजिनात परत पडतं. ही परतीची वाट तुंबली की हौसिंग ऑइलने भरतं आणि नव्या रिंगांमधूनही ते बाहेर येतं. वाट तुंबायची कारणं ठरलेली: ड्रेनची नळी आतून कोळशाने अरुंद झालेली, रबरी होज वाकून चेपलेला, चुकीच्या जागी सरकलेलं पॅकिंग, किंवा तुंबलेल्या ब्रीदरमुळे इंजिनाच्या आत वाढलेला दाब. पिस्टन रिंगा झिजलेल्या इंजिनातही तेच होतं, कारण सिलिंडरातला गॅस खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, येतो. उलट बाजूने, एअर फिल्टर पार चोंदलेला असेल तर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ओढ तयार होते आणि ऑइल तिकडे खेचलं जातं.

शिकाऊ असताना एका गाडीचा टर्बो मी तीनदा उघडला. पहिल्यांदा किट टाकलं, महिनाभरात धूर परत. रिंग नीट बसली नसेल म्हणून पुन्हा उघडला, दुसरं किट टाकलं, पुन्हा धूर. तिसऱ्यांदा उस्तादांनी काही न बोलता ऑइल भरायच्या टोपीवर हात ठेवला आणि इंजिन चालू करायला सांगितलं. टोपीतून वाफाळलेला गॅस फुसफुसत होता. टर्बोत काहीच दोष नव्हता. दोन किटं आणि माझी अब्रू गेली, तेव्हापासून पाना हातात घेण्याआधी ब्रीदर पाहतो.

टर्बोवर दुसऱ्याचं खापर फोडण्याची परंपरा मात्र जुनीच आहे. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो असलेली सगळ्यात पहिल्या कारांपैकी एक बाजारात आली. तिला पाणी आणि मेथेनॉल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी भरत राहावी लागे, नाहीतर बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, आपोआप कमी होई. मालक ती भरायला विसरत आणि गाडीत जोर नाही म्हणून कुरकुरत. शेवटी बऱ्याच गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवला गेला.

असो. तुमचा टर्बो दोषी ठरला, किंवा इतक्या वर्षांनी आतून बघायचाच आहे असं ठरवलंत, तर पुढे वाचा.

काढताना सगळ्यात जास्त वेळ एक्झॉस्टचे बोल्ट खातात. आदल्या दिवशी पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा, आणि बोल्ट सैल होत नसेल तर घट्ट करण्याच्या दिशेने किंचित ढकलून मग सोडवा. स्टड तुटला तर तो भोक पाडून काढण्यापेक्षा वर नट वेल्ड करून फिरवून काढणं सोपं जातं, वेल्डच्या उष्णतेने गंजही सुटतो. टर्बो हातात आला की पहिलं काम म्हणजे दोन्ही हौसिंग आणि मधला भाग यांच्यावर सलग रेघ मारणं. पंचने मारा, मार्करची रेघ रॉकेलने धुतली जाते. मग सगळ्या बाजूंनी फोटो. हौसिंग कोणत्या कोनात होतं हे नंतर आठवत नाही आणि गाडीत बसवताना पाइप जुळत नाहीत.

टर्बाइन हौसिंग गंजाने चिकटलेलं असतं. ते गरम करून चहूबाजूंनी लाकडी हातोडीने सारखं ठोकत काढा. एका बाजूने स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर ते तिरकं होतं आणि पातं हौसिंगवर आदळतं. इनकोनेल जातीच्या निकेल मिश्रधातूची ती पाती ८००-९०० अंश सेल्सियसचा गॅस सोसतात, पण असा बाजूने बसलेला फटका सोसत नाहीत.

आता कॉम्प्रेसरच्या पंख्याचा नट. सोडवण्याआधी नट, पंखा आणि शाफ्टचं टोक या तिघांवर मिळून एक सरळ खूण करा. ही खूण पुढे बॅलन्सिंगच्या वेळी तुमची अब्रू राखेल. बऱ्याच टर्बोंत या नटाचे आटे उलटे असतात. अंदाज बांधू नका. नटाच्या वर शाफ्टचे दोन-चार आटे उघडे दिसतात, शेजारी एक साधा बोल्ट धरा आणि आट्यांचा उतार ताडून बघा. टर्बाइनच्या टोकाला पाना बसेल असा आकार असतो, तो सॉकेटमध्ये धरून सॉकेट शिकंज्यात पकडा. पंखा शिकंज्यात पकडून नट सोडवायचा प्रयत्न केलेले टर्बो माझ्याकडे येतात, त्यांचं पुढे काही होत नाही. पानाही आडवा जोर देऊ नये म्हणून मध्ये युनिव्हर्सल जॉइंट लावा, नाहीतर शाफ्ट वाकतो. डोळ्यांना दिसणार नाही इतकाच वाकतो, पण तेवढं पुरतं.

सगळं टेबलावर मांडलं की इथे थांबा आणि नीट बघत बसा. माझ्या मते या कामातला अर्धा तास महत्त्वाचा असेल तर तो हाच. सुटे भाग बोलतात. शाफ्टवर बेअरिंग जिथे बसतं तिथे निळसर-जांभळी छटा आणि ब्राँझ लेपल्यासारखं दिसत असेल तर ऑइल कमी पडलं होतं: फीडची नळी (टर्बोत ऑइल आणणारी) तुंबली, फिल्टर बंद झाला, किंवा टर्बो कोरडा चालू केला. रंग बदललेला नाही पण बुशवर आणि शाफ्टवर गोल गोल चरे आहेत, तर ऑइल होतं, पण घाण होतं. टर्बाइनच्या बाजूला कडक काळा कोळसा जमलाय, तर गाडी तापलेली असताना झटकन बंद करायची सवय. आतलं थांबलेलं ऑइल तिथेच भाजून निघतं.

कॉम्प्रेसरच्या पंख्याकडे वळा. पुढच्या धारांवर खाचा पडल्या असतील तर काहीतरी कडक आत गेलंय, बहुधा मागच्या दुरुस्तीत विसरलेला वॉशर किंवा क्लिपचा तुकडा. खाचा नाहीत पण धारा बोथट, वाळूने घासल्यासारख्या आहेत, तर एअर फिल्टरनंतर कुठेतरी पाइप फाटलाय आणि धूळ थेट आत जातेय. ती धूळ सिलिंडरही खाते, म्हणून कॉम्प्रेशन पाहा. पंखा उलटा करून मागची बाजू बघा. तिथला गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियम संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला असेल तर तो टर्बो ठरलेल्या वेगाच्या पलीकडे फिरलाय. याचं कारण बहुधा साधं असतं: इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा होज फाटला, दाब सुटून गेला, आणि तो भरून काढायला बिचारा जास्त जास्त फिरत राहिला. असा पंखा पुन्हा वापरू नका, कितीही चांगला दिसला तरी. टर्बाइनची पाती तुटलेली असतील तर ते तुकडे इंजिनातून आलेत: प्लगचा इलेक्ट्रोड, पिस्टन रिंग, व्हॉल्व्हचा कोपरा. तेव्हा टर्बो बाजूला ठेवून हेड उघडायची तयारी करा.

या वाचनातून मारेकरी सापडला नाही तर किट बसवू नका. नवं बेअरिंगही तोच खाणार.

सफाईबद्दल तीनच गोष्टी. कॉस्टिक सोडा किंवा तो असलेला ओव्हन क्लीनर अ‍ॅल्युमिनियमला लावू नका, पंखा खाऊन टाकतो. तारेचा ब्रश पात्यांना आणि शाफ्टला लावायचा नाही. आणि मधल्या हौसिंगला वाळूचा किंवा मण्यांचा ब्लास्ट करायचा नाही, कारण ऑइलच्या वाटांत अडकलेला एक कण नंतर सुटतो आणि नव्या बेअरिंगमध्ये जातो. कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजत ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, वाटांमधून मऊ तार फिरवा, पुन्हा भिजवा. कंटाळवाणं आहे, पण दोन-तीन दिवस लागले तरी चालतात. आणखी एक: साफ झालेल्या टर्बोवर एअर गनने हवा मारून पंखा ‘झुंई’ फिरवण्याचा मोह सगळ्यांना होतो. ऑइलशिवाय तसं फिरवलं की बेअरिंग तिथल्या तिथे चरतं, आणि बोट मध्ये गेलं तर बोटही जातं.

मग मापं. इथे घरचं काम आणि वर्कशॉपचं काम वेगळं होतं. किटमध्ये बुश नवे येतात, पण ते ज्यावर फिरतात तो शाफ्ट आणि ज्यात फिरतात तो बोअर जुनाच राहतो. झीज तिथेही झालेली असते. व्हर्नियर कॅलिपर इथे कामाचा नाही, मायक्रोमीटर लागतो. दोन्ही जर्नल, म्हणजे शाफ्टवर बेअरिंग बसतं त्या जागा, दोन-दोन दिशांना मोजा, आणि मधला भाग, जिथे बेअरिंग बसत नाही, त्याच्याशी तुलना करा. नखाला चर लागत असेल तर माप घ्यायचीही गरज नाही. शाफ्टची सरळ रेषा बघायला व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावा. ०.०१ मिमीपेक्षा काटा जास्त डोलला तर मी तो शाफ्ट बाजूला ठेवतो. रिंग ज्या खाचेत बसते ती खाचही पाहा. ती रुंद झालेली असेल तर नवी रिंग त्यात डुगडुगते आणि गॅस आत शिरतो. हौसिंगचा बोअर झिजला असेल तर तो वाढवून ओव्हरसाइज बुश टाकता येतात, पण ते मशीन शॉपचं काम आहे. तुमच्याकडे मायक्रोमीटर नसेल तर शाफ्ट आणि हौसिंग घेऊन चांगल्या लेथवाल्याकडे जा, तो पाच मिनिटांत मोजून देईल.

आता तुमचा बॅलन्सिंगचा प्रश्न. लोक यावर दोन टोकाची उत्तरं देतात, ‘काही गरज नाही’ किंवा ‘त्याशिवाय स्फोट होईल’. आधी हिशोब करू. टर्बो मिनिटाला १ लाख २० हजार फेरे फिरतोय असं धरा, म्हणजे सेकंदाला २,०००. साठ मिमी व्यासाच्या पंख्याच्या कडेचा वेग तेव्हा सेकंदाला सुमारे ३७५ मीटर होतो, आवाजापेक्षा जास्त. या पंख्याच्या कडेला ३३ मिलिग्रॅम जास्तीचं वजन असेल, म्हणजे दोन सेंटिमीटर चौकोनी कागदाच्या कपट्याएवढं, तर त्याचा शाफ्टवरचा ओढा साधारण १६ किलो वजनाएवढा होतो. आणि त्याची दिशा सेकंदाला २,००० वेळा गोल फिरते. ऑइलचा तो पातळ थर हे किती दिवस सोसेल, तुम्हीच ठरवा.

पण तुमच्या बाजूनेही काही आहे. या जुन्या टर्बोंत टर्बाइनसह शाफ्ट वेगळा आणि कॉम्प्रेसरचा पंखा वेगळा, असे दोन्ही स्वतंत्रपणे बॅलन्स केलेले असत. म्हणून पंखा तोच, शाफ्ट तोच, नट तोच, आणि सगळं तुम्ही केलेल्या खुणेवर तंतोतंत परत बसवलं, तर बॅलन्स फारसा हलत नाही. असे जोडलेले टर्बो वर्षानुवर्षं चाललेले मी पाहिलेत. तसेच काही महिन्यांत शिट्टी वाजवायला लागलेलेही पाहिलेत, आणि कोणता कुठल्या वाटेने जाईल हे टेबलावर सांगता येत नाही. नवा पंखा टाकलात, किंवा पात्याची धार जराही घासून सरळ केलीत, तर मात्र बॅलन्सिंगशिवाय चालवू नका.

मी स्वतः तुमच्या जागी असतो तर मधली वाट धरली असती. खोलणं, वाचणं, साफ करणं, मोजणं घरी करायचं. मग शाफ्ट आणि पंखा टर्बोच्या बॅलन्सिंग मशीनवर पाठवायचे आणि आल्यावर घरी जोडायचे. तिथे जोडलेला पूर्ण कोअर, म्हणजे दोन्ही हौसिंग सोडून उरलेला मधला भाग, ऑइल देऊन वेगाने फिरवून तपासत असतील, तर जोडूनच पाठवा. शाफ्ट किंवा बोअर मापात नापास झाला तर किटच्या भानगडीत न पडता बॅलन्स केलेला तयार कोअर घ्या आणि त्याला तुमची दोन हौसिंग लावा. त्यात कमीपणा काही नाही.

जोडताना प्रत्येक भागाला स्वच्छ इंजिन ऑइल लावून घ्या. बुशच्या दोन्ही बाजूंच्या सर्क्लिपांना एक धारदार आणि एक गोलसर बाजू असते. गोलसर बाजू बुशकडे ठेवा, धारदार बाजू बुशला कापते. सर्क्लिप पूर्ण खाचेत बसली का ते टोकदार काडीने फिरवून बघा. टर्बाइनची रिंग खाचेत चढवताना गरजेपेक्षा जास्त फाकवू नका, ती वाकली की पुन्हा गोल होत नाही. मग हीट शील्ड घालून शाफ्ट आत सरकवा. रिंग बोअरच्या तोंडाशी आली की अडकते. इथे दाबायचं नाही. किंचित फिरवत, डोलवत राहा, एका क्षणी शाफ्ट आपणहून आत बसतो. इथे हातोडीला हात लावलात तर रिंग तुटली म्हणून समजा.

थ्रस्ट बेअरिंगला ऑइलचं भोक असतं, ते हौसिंगच्या भोकासमोर आलं पाहिजे. थ्रस्ट कॉलर, ओ-रिंग, मागची प्लेट, मग पंखा खुणेवर, मग नट. टी-३ च्या नटाची जुनी पद्धत अशी की आधी हलका टॉर्क द्यायचा आणि तिथून पुढे ९० अंश फिरवायचा, कारण नटाचं काम शाफ्टला किंचित ताणून धरणं हे आहे आणि ते नुसत्या टॉर्कवरून नीट कळत नाही. नेमका आकडा तुमच्या टर्बोच्या मॅन्युअलमधूनच घ्या. पाना पुन्हा युनिव्हर्सल जॉइंटमधूनच. झाल्यावर शाफ्ट बोटाने फिरवा. ऑइलमुळे जरा जड, पण सारखा फिरला पाहिजे, कुठेही अडता कामा नये. डायल गेज लावून पुढे-मागचा प्ले मोजा. वर सांगितलेल्या मापात नसेल तर पुन्हा उघडा, बहुधा थ्रस्टमधला एखादा भाग उलटा बसलाय.

टर्बाइन हौसिंगमध्ये वेस्टगेटच्या भोकापाशी बारीक चिरा जवळजवळ नेहमी असतात, त्यांना घाबरू नका. चीर फ्लँजपर्यंत किंवा बाहेर आरपार गेली असेल तर हौसिंग बदला. वेस्टगेटचा फडका भोकावर नीट टेकतो का आणि त्याची दांडी मोकळी हलते का, एवढं पाहा. दांडीची लांबी उगाच बदलू नका.

गाडीत बसवताना फीडची नळी नवी टाका. जुनी बाहेरून चकचकीत दिसली तरी आतून कोळशाने अर्धी बंद असते. बँजो बोल्टमध्ये (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टमध्ये) जाळी असेल तर तीही तपासा. ड्रेनची नळी शक्य तितकी उभी हवी, उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलू देऊ नका, आणि तिचं टोक चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर असावं. या दोन्ही जोडांवर सिलिकॉन लावू नका, फक्त पॅकिंग, तेही कोरडं. बाहेर दिसतो तेवढाच सिलिकॉन आतही दाबला जातो, आणि तो तुकडा एक दिवस सुटून ऑइलच्या वाटेत अडकतो.

ऑइल आणि फिल्टर नवे. टर्बोच्या फीडच्या तोंडातून ऑइल ओता आणि पंखा हाताने फिरवत राहा. मग इग्निशन आणि पेट्रोल तोडून, ड्रेन सुटा ठेवून खाली डबा धरा आणि नुसता स्टार्टर मारा, थांबून थांबून. ड्रेनमधून ऑइलची धार दिसली की मगच जोडा आणि इंजिन चालू करा. चार-पाच मिनिटं आयडलवरच, रेस द्यायची नाही. जुन्या गळतीचं ऑइल सायलेन्सरमध्ये साचलेलं असतं, त्यामुळे पहिला अर्धा तास धूर येईलच. तो पाहून लगेच उघडायला बसू नका. काहीशे किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदला, आणि जोरात चालवून आल्यावर मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करत जा.

हे वाचून कुणी डिझेलचा टर्बो उघडायला निघाला असेल तर त्याच्यासाठी दोन वाक्यं. पाती हलणाऱ्या व्हेरिएबल टर्बोतला थांबा-स्क्रू कारखान्यात फ्लो मोजून लावलेला असतो, तो हलवला की घरी परत लावता येत नाही. आणि कॉम्प्रेसरकडून ऑइल गळणारं डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटू शकतं. तेव्हा चावी बंद करूनही ते थांबत नाही, इनटेकचं तोंड फळीने बंद करून हवा तोडावी लागते. तोंडावर हात ठेवायचा नाही.

तुमच्याकडे परत येतो. आधी ब्रीदर पाहा, ऑइलची टोपी उघडून इंजिन चालू ठेवून बघा, मग डाउनपाइप उतरवा. टर्बाइनचं तोंड ओलं आहे की कोरडं, आणि शाफ्ट पुढे-मागे किती हलतो, एवढं कळवा. किट मागवायचं की व्हॉल्व्ह सील, ते त्यावरून सांगतो.